तिरकं खुंटाळं

आमच्या काकांच्या घरात भिंतीवर कोट टांगायचं एक खुंटाळं होतं आणि ते तिरकं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं वीतभर. दाराकडचं टोक वर आणि स्वयंपाकघराकडचं खाली. नवीन माणूस घरात आला की चपला काढता काढताच म्हणायचा, "अहो, तुमची फळी कलली आहे." काका म्हणायचे, "बसा. चहा घेणार? साखर आज बेताचीच आहे." खुंटाळ्याविषयी चकार शब्द नाही. चहा पिऊन झाला, माणूस निघायला लागला, की मग विचारायचे, "भिंत दमते का हो?"

पाहुणा गोंधळून म्हणायचा, "नाही."

"मग भिंतीच्या मापानं फळी कशाला लावायची?"

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. गिरगावात एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची डबल रूम होती. मी तेव्हा एका सरकारी कचेरीत टेंपररी क्लार्क होतो, वय तेवीस, आई आणि धाकटी बहीण गावाकडे. ओळखीच्या ओळखीनं त्यांच्या बाहेरच्या खोलीत बिनभाड्यानं पथारी टाकायची सोय झाली होती. दोघांना मूलबाळ नव्हतं. घराणं जुनं मुंबईकर. पूर्वजांच्या म्हणे माहीमकडे वाड्या होत्या, नारळीबागा होत्या. काकांच्या वाट्याला त्यातलं आलं ते एवढंच: उंची, नाक, काळा अल्पाकाचा कोट आणि वडिलांची सुतारकामाची पेटी. एका विलायती कंपनीत ते हेडक्लार्क होते. पण आठवड्याचे सहा दिवस ते रविवारची वाट बघत काढायचे, कारण रविवारी पेटी उघडायची. चाळीतले लोक त्यांना चेष्टेनं 'मिस्त्री' म्हणायचे. ते चिडायचे. "मिस्त्री पोट भरतो. मी हौस भरतो. त्या माणसाचा अपमान करू नका," म्हणायचे.

आता त्यांचा मोठा रोग सांगतो. ते खोटं बोलत नसत.

तुम्ही म्हणाल, यात काय, चांगली गोष्ट आहे. अहो, एकदा अशा माणसाबरोबर राहून बघा! लग्नाच्या पंगतीत यजमान येऊन विचारतो, "बासुंदी कशी झालीय?" सगळी पंगत म्हणते, "वा वा!" आणि आमचे काका म्हणतात, "खाली लागली आहे." साहेबानं विचारलं, "तीन वाजता टेबलावर नव्हतात, कुठे होता?" तर म्हणाले, "रेकॉर्डरूममध्ये झोपलो होतो." साहेबाला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. त्यानं हसून सोडून दिलं. तर हे संध्याकाळी पुन्हा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमचा गैरसमज झालेला दिसतो. मी खरंच झोपलो होतो."

काकूंनी यापुढे हात टेकले होते. नवी साडी नेसल्या तर त्या काकांच्या समोरून जातच नसत, मागल्या गॅलरीतून जात.

मी राहायला गेलो तेव्हा घरात जुनं खुंटाळं होतं, काकांच्या वडिलांनी केलेलं. दोन खुंट्यांचं. एक काकांची, एक काकूंची. काकूंच्या खुंटीवर देवळात जायची पिशवी आणि शाल. काकांच्या खुंटीवर कोट, बाकी काही नाही. मी पहिल्या दिवशी आपला कोट काढला आणि जागा बघून काकांच्या कोटावर टांगला. ते उठले, माझा कोट काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"दारामागे खिळा आहे," ते म्हणाले. "सध्या तिथे लावा."

"सध्या म्हणजे?"

"खुंटी होईपर्यंत. या घरात ज्याची खुंटी तो घरचा."

काकू पहिल्याच दिवशी मला 'अरे' म्हणायला लागल्या होत्या. काका मात्र 'अहो, तुम्ही'वर. नऊ महिने माझा कोट त्या खिळ्यावर लोंबत होता. कॉलरीला मागून भोक पडलं. मला त्याचा रागही यायचा आणि, आता लपवून काय उपयोग, वाईटही वाटायचं. एवढासा लाकडाचा तुकडा, पण तो आपल्याला मिळत नाही म्हणून तेविसाव्या वर्षी मी मनातल्या मनात रुसून बसायचो.

खुंटीच्या बाबतीत त्यांचा कायदा किती कडक, ते एकदाच सांगतो. एकदा काकूंनी गडबडीत कांद्यांची पिशवी त्यांच्या खुंटीला अडकवली. काका कचेरीतून आले. बघितलं. कोट अंगात तसाच ठेवून हातपाय धुतले, तसेच पाटावर बसले, मे महिन्यातल्या उकाड्यात कोट घालून जेवले. काकूंनी विचारलं, "अहो, कोट तरी काढा!" तर म्हणाले, "काढायला जागा नाही." काकूंनी कपाळावर हात मारला आणि कांदे उचलले.

मग एके दिवशी, कारण न सांगता, म्हणाले, "चला, शिवडीला जायचंय."

शिवडीला त्यांच्या माहितीची एक लाकडाची वखार होती. मालक त्यांना बघताच गल्ल्यामागे लपायचा, कारण काका तासभर फळ्या उलथ्यापालथ्या करून एक तुकडा घेत. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक फळीला टिचकी मारली, वास घेतला, एकीला तर जीभ लावून बघितली. शेवटी मोडलेल्या जुन्या दाराची सागवानी पट्टी निवडली. साडेतीन हात लांब. ती घेऊन आम्ही ट्राममध्ये चढलो. कंडक्टर आला. माणूस भला होता.

"काका, लाकूड न्यायला परवानगी नाही. काठी आहे म्हणा, सोडून देतो."

"काठी नाही. फळी आहे."

"अहो, मला दिसतंय फळी आहे ते! तुम्ही नुसतं काठी म्हणा."

"पण ती फळी आहे."

लालबागला आम्हाला उतरवलं. तिथून गिरगावापर्यंत, भर दुपारी, पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर आणि मागचं माझ्या, असे आम्ही चालत आलो. मी वाटभर मनात त्यांना शिव्या घालत होतो. भायखळ्याला ते थांबले, मागे वळून म्हणाले, "तुम्ही मला शिव्या देत असाल." मी म्हणालो, "छे छे!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हणालो, "हो." मग ते समाधानानं पुढे चालायला लागले.

खुंटाळं तीन खुंट्यांचं व्हायचं होतं. दोन टोकांना वडिलांच्या हातच्या जुन्या खुंट्या, मधली माझी. ती मीच नव्या लाकडातून घडवायची, हा नियम. रंधा, गिरमिट, पटाशी यांना हात लावायची मला बंदी होती. मला फक्त कानस आणि काचकागद. पहिली खुंटी मी चार रविवार घासली. त्यांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "कोटाला टोचेल." दुसरी जाड झाली, तिसरी घसरडी. "खुंटीनं कोट धरला पाहिजे. आवळता कामा नये आणि टाकताही कामा नये," म्हणाले. चौथी त्यांनी हातात घेतली, बराच वेळ फिरवली आणि परत न देता सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या दिवशी मी गॅलरीत जाऊन विनाकारण दोन फेऱ्या मारून आलो.

मग माप. उंची मोजायला त्यांना पट्टी चालत नसे. "माणूस दमून घरी आला की त्याचा हात आपोआप किती वर जातो, तेवढ्यावर खुंटी हवी," हे त्यांचं शास्त्र. म्हणून मी कचेरीतून यायच्या वेळेला ते पेन्सिल घेऊन दारामागे उभे राहायला लागले. पहिल्या दिवशी मी दचकून किंचाळलो. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज तुम्ही मुद्दाम हात वर केलात. हे माप नव्हे." आठ दिवस हा तमाशा. शेवटी एकदा मी परळच्या मोर्चातून पायी आलो, घसा बसलेला, पायात गोळे आलेले. आत शिरलो, कोट काढला, हात वर गेला. भिंतीवर कर्रकन रेघ उमटली.

"मिळालं," काका म्हणाले.

काका सहा फूट, काकू त्यांच्या छातीला लागायच्या, मी मधला. तिघांच्या मापाच्या तीन रेघा जोडल्या आणि फळी तिरकी बसली. चाळीतले झाडून सगळे बघून गेले. कुणी हसले, कुणी दोरी ओळंबा घेऊन आले. पण काकूंना आयुष्यात पहिल्यांदा टाचा उंच न करता शाल काढता आली, हे मी या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी दोनतीनदा उगीचच शाल काढून परत लावली.

जुन्या दोन खुंट्या सरसानं चिकटवून पक्क्या केल्या. माझी मात्र नुसतीच भोकात बसवली. "नवीन लाकूड आहे. एक पावसाळा घरात काढू दे. फुगेल, आकसेल, घराला रुळेल. मग सरस. आत्ता लावला तर सुटेल." दर रविवारी ते माझी खुंटी पिळून बाहेर काढत, पुसत आणि परत बसवत. आणि मला अजूनही 'अहो, तुम्ही'च. म्हणजे मी घरचा झालो होतो, पण सरस न लावता.

हे सगळं चाललं होतं ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावातून रोज काही ना काही निघत होतं. चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा टांगलेला होता. सभा कुठे, मोर्चा कुठून, काल कुणाला धरलं, हे त्यावर रोज सकाळी लिहिलेलं असे. ते लिहायचो मी. अक्षर चांगलं म्हणून पोरांनी माझ्या गळ्यात घातलं आणि मलाही ते आवडत होतं. पण मी सरकारी नोकर, त्यातून टेंपररी. लिहिणारा कोण हे कळलं तर नोकरी त्याच दिवशी जाणार आणि मी आत जाणार. गावाकडे दोन माणसं माझ्या मनिऑर्डरीवर जगत होती. म्हणून खाली नाव कधी नसे.

काकांचा चळवळीला विरोध नव्हता. फळ्यासमोर उभे राहून ते रोज सगळं वाचत, मग घरी येऊन मला सांगत, "तिसऱ्या ओळीत अक्षर उतरतं घेतलंय तुम्ही." एकदा मी धीर करून विचारलं, "काका, पोलीस आले आणि फळा कोण लिहितो म्हणून विचारलं तर?"

"तर काय?"

"तुम्ही काय सांगाल?"

"विचारतील ते सांगेन," ते काचकागद घासत म्हणाले. "तुम्ही लिहिता ते खरं असतं ना? मग खाली सही का नसते?"

 एवढ्या मोठ्या चाळीत दोनशे माणसं माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होती आणि मी राहत होतो नेमका त्या एकाच्या घरात, जो काठी म्हणायला तयार नव्हता. लालबागला एका मित्राकडे मुक्काम हलवावा, असं मी ठरवत होतो. काकूंना बोललोही. त्या म्हणाल्या, "थांब रे. त्यांच्या पोटात काय असतं ते मलासुद्धा कळत नाही."

चाळीनं एक खूण ठरवली होती. पोलीस आत शिरले की खालच्या मजल्यावरची कुणीतरी बाई ओरडायची, "नळाला पाणी आलं गं!" भलत्याच वेळी पाणी आलं म्हटलं की समजायचं. हे ठरलं त्या बैठकीत काका उभे राहून म्हणाले होते, "पाणी आलं नसताना आलं म्हणणं बरोबर नाही. पोलीस आले असं म्हणा." सगळ्यांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं होतं.

तो रविवार होता. भर दुपार. काकू बोंबील तळत होत्या, काका गंजिफ्रॉकात बसून एका पाटाचा पाय दुरुस्त करत होते, मी पेपर वाचत पडलो होतो. आणि खालून आवाज आला, "पाणी आलं गं! नळाला पाणी आलं!"

काकूंनी स्टोव्ह बारीक केला, बाहेर आल्या, माझं मनगट धरलं. "माळ्यावर चढ." मी शिडीवरून माळ्यावर गेलो आणि गणपतीच्या मखरामागे पालथा पडलो. दोन फळ्यांच्या फटीतून खालची खोली दिसत होती. भिंत दिसत होती, खुंटाळं दिसत होतं, त्यावर मधोमध माझा कोट. आणि काका दिसत होते. पोलिसांची मला तेवढी भीती वाटत नव्हती, खरं सांगतो. काकांची वाटत होती.

जिन्यावर बूट वाजायला लागले. पहिला मजला, दारं ठोठावल्याचे आवाज, मग दुसरा. काका खोलीच्या मध्यभागी उभे होते. त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं. मग खुंटाळ्यापाशी गेले. माझा कोट काढला आणि अंगात घातला. बाह्या कोपरापर्यंत आल्या. मग माझी खुंटी पिळली, ती सुळकन बाहेर आली, ती त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. परत येऊन बसले आणि पाटाचा पाय हातात घेतला. 

फौजदार तरुण होता. बरोबर एक पोक्त हवालदार.

"घरात कोण कोण राहतं?"

"भिंतीवर बघा," काका म्हणाले. "या घरात ज्याची खुंटी तो घरचा. कुणालाही विचारा चाळीत."

फौजदारानं बघितलं. "दोन."

"तुम्ही मोजल्यात."

"कुणी पोरगा भाडेकरू ठेवलाय, असं कळलंय आम्हाला."

"भाडेकरू नाही कुणी या घरात," काका म्हणाले.

"आणि हे मधलं भोक कसलं?"

 काका शांतपणे म्हणाले, "तिथे खुंटी बसायची आहे. पक्की बसवायला लाकडानं एक पावसाळा घरात काढावा लागतो."

फौजदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या उकाड्यात कोट घालून बसलाय?"

"काढायला जागा नाही."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडात धरला. आणि तेवढ्यात तो हवालदार म्हणाला, "पर फळी तिरकी बसलीय की हो, काका."

झालं! मी मखरामागे कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. काकांना सगळ्याचा विसर पडला. ते उठले. "या इकडे. टोपी काढा. आता दमून घरी आलात असं समजा."

"समजायचं काय त्यात? चार दिस झाले, घर बघितलं न्हाय."

"मग टोपी लावा खुंटीला. भिंतीकडे बघू नका."

हवालदारानं डोळे मिटून हात वर केला. टोपी बरोबर त्या मधल्या भोकावर जाऊन टेकली. माझ्याच उंचीचा होता तो. काकांचा चेहरा पांढरा पडला. हवालदार भोकाकडे बघत राहिला, मग काकांच्या आखूड बाह्यांकडे, मग फुगलेल्या खिशाकडे. त्याला कळलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"बेस माप हाय," तो म्हणाला. "चला सायेब. म्हातारा येडा हाय, दुसरं काय न्हाय हितं."

बूट चौथ्या मजल्याकडे गेले आणि काही वेळानं खाली उतरून बाहेर पडले.  मी शिडीवरून जवळजवळ उडीच मारली.

"काका, कमाल केलीत! आणि एक शब्द खोटा नाही! भाडेकरू नाही म्हणालात, तेही खरं. कोट काढायला जागा नाही, तेही खरं. मानलं तुम्हाला!"

ते माझ्याकडे बघत नव्हते. कोट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. खुंटी खिशातून काढून मुठीत धरली.

"खोटं बोललो मी," ते म्हणाले. "जिभेनं नाही, खुंटीनं बोललो. एकच आहे ते."

 मग ते काकूंना म्हणाले, "स्टोव्ह मोकळा कर. सरस लावायचा आहे."

"आत्ता? बोंबील अर्धे तळलेत."

"बोंबील थांबतील."

सरसाचा तो घाणेरडा वास तळलेल्या बोंबलांच्या वासात मिसळला. उकळता सरस त्यांनी भोकात भरला, खुंटीला चोपडला आणि मला म्हणाले, "अरे, बघत काय उभा राहिलायस? धर इथं. घट्ट धर."

पहिल्यांदा 'अरे' म्हणाले ते. मी दोन्ही हातांनी धरली.

"पण पावसाळा कुठे झालाय?" मी विचारलं.

"नाही झाला. सुटणार ही कधीतरी. पण पुन्हा मला काढता येता कामा नये."

"आणि पुन्हा पोलीस आले तर?"

"तर सांगेन, तीन खुंट्या आहेत म्हणून."

मी चिडलोच. "मग आज कशाला वाचवलंत?"

"आज खुंटी निघत होती ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या खुंटीवर कोट टांगायचा बंद केला. खुर्चीच्या पाठीवर टाकायचे. खुंटीनं खोटं बोललेल्या माणसाला खुंटी नाही, असा काहीतरी हिशेब. कोट चुरगळायचा. आयुष्यभर कडक कोटात गेलेला माणूस तसाच कचेरीत जायचा. साहेबानं विचारलं, तर म्हणाले, "खोटं बोललो होतो, म्हणून." "कुणाशी?" "ते सांगणार नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

काकूंनी समजावलं, मी समजावलं. मी तर हात जोडले. ते म्हणायचे, "तुझा काही दोष नाही रे." याच्याइतकं टोचणारं दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी मी फळा लिहून वर यायचो, माझा कोट माझ्या पक्क्या खुंटीवरून काढायचो आणि शेजारची काकांची खुंटी मोकळी. दोन आठवडे मी ते बघितलं. एके दिवशी, आईचा चेहरा डोळ्यांसमोर असताना, खडू हातात घेऊन मी फळ्याच्या तळाशी माझं नाव लिहिलं. पूर्ण. आडनावासकट.

काका कचेरीला जाताना फळ्यासमोर थांबले. वरून खालपर्यंत वाचलं. नावाशी बराच वेळ थबकले. मी जिन्यात उभा होतो.

"सही कलली आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मला धरलं. नऊ दिवस आत होतो. नोकरी अर्थातच गेली. सुटून घरी आलो तेव्हा दारात काकू भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. आत शिरलो. काकांचा कोट त्यांच्या खुंटीवर होता. सुरकुती नव्हती त्याला.

"तुला नेलं ना, त्या संध्याकाळपासून टांगतायत," काकू कानात म्हणाल्या.

काका म्हणाले, "दमलायस. हात वर कर." मी कोट काढला, हात वर गेला, खुंटी तिथेच होती. आणि मग मला, इतके दिवस कोरडा ठणठणीत राहिलेल्या मला, हुंदका आला. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. ते त्यांना जमत नसे. जवळ येऊन त्यांनी खुंटी पिळून बघितली. "धरून आहे अजून," म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मला घेऊन ते शिवडीच्या त्या वखारवाल्याकडे गेले. त्याला कारकून हवा होता. माझ्यासमोर त्यांनी शिफारस केली: "अक्षर उत्तम. सकाळी उठायला उशीर होतो. लाकडातलं काही कळत नाही. नुकताच तुरुंगातून आला आहे." वखारवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "उद्यापासून या. या माणसानं तुमच्याबद्दल यापेक्षा वाईट काही सांगितलं नाही, म्हणजे दुसरं काही नसणार."

मी त्या वखारीत पुढे बावीस वर्षं काढली. लग्न झालं, दादरला बिऱ्हाड केलं. राज्य झालं तेव्हा पेढे घेऊन गिरगावात गेलो. काका म्हणाले, "पेढ्यात खवा कमी आहे. पण आज चालेल." नंतर जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा कोट त्याच खुंटीवर टांगला. ती इतर दिवशी रिकामीच असे. आणि प्रत्येक वेळी निरोप घेताना काका ती पिळून बघत आणि म्हणत, "सुटणार रे ही. पावसाळा काढू द्यायला हवा होता. घाई केली मी." मी म्हणायचो, "काका, सोळा पावसाळे झाले." ते म्हणायचे, "मग काय झालं? माझं चुकलं ते चुकलंच."

आयुष्यात मी भाषणं ठोकणारे पुढारी पाहिले, खरेपणावर तास तास बोलणारे पाहिले. खऱ्याचं इतकं ओझं वाहणारा आणि तरी माझ्यासाठी ते एकदा खाली ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याची किंमत त्यांनी चुरगळलेल्या कोटात भरली आणि मला कधी ऐकवली नाही.

काका गेले त्याला महिना झाला होता तेव्हा काकूंचा निरोप आला. खोली सोडून त्या भाचीकडे माटुंग्याला जायच्या होत्या. सामान बांधत होत्या. म्हणाल्या, "त्यांच्या पेटीतलं काय हवं ते घे. रंधा घे, पटाशी घे."

"मला काही नको, काकू," मी म्हणालो. "माझी खुंटी तेवढी न्यावी म्हणतो."

"ने की. ते म्हणायचेच, सुटणार ही. हात लावलास तर येईल."

मी खुंटाळ्यासमोर उभा राहिलो. तिरकंच होतं, वीतभर. काकूंची शाल खालच्या टोकाला. वरच्या टोकाला त्यांचा कोट अजून तसाच. मी माझी खुंटी धरली आणि हळूच पिळली. मग जोरानं पिळली. मग दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन. कपाळाला घाम आला. फळी कुरकुरली, भिंतीचा चुना थोडा पडला. खुंटी केसभरसुद्धा हलली नाही.

"काका," मी त्या कोटाला मोठ्यानं म्हणालो, "तुमचं चुकलं नव्हतं हो."

मग अंगातला कोट काढला आणि हात वर गेला तिथे टांगला.

आतून काकूंनी विचारलं, "निघाली का रे?"

"नाही निघत, काकू."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "कोट टांगलायस ना? बस तर. बोंबील आहेत, पान घेते."